नाकारलेली चावी

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला उगाच माझी कीव यायला नको. सावकाश चालणाऱ्या माणसांचा मला राग येतो आणि एकच गोष्ट दोनदा विचारणाऱ्यांचा त्याहून जास्त. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. चिखलीच्या ज्या ऑफिसात मी नऊ वर्षं काम करते आहे, तिथे सगळ्यांना हे ठाऊक आहे. फक्त एका माणसासमोर माझं काही चालत नसे. आणि आयुष्यात सर्वांत वाईट रीतीने मी ज्याच्यावर तोंड सोडलं, तो नेमका तोच माणूस.

त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. मूळचे रोहिणखेडचे, जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीतले. चिखलीत त्यांनी वीस-बावीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवले. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कुठल्याही कचेरीत चाचा गेले की कुणीतरी खुर्चीवरून उठायचंच. टाइपरायटर बंद पडायला लागले तसे त्यांनी मशिनं विकून एक कॉम्प्युटर घेतला. इंग्रजी बेताचं, पण जाडजूड माहितीपत्रकांच्या झेरॉक्स काढून, एकेका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारत ते सर्व्हर चालवायला शिकले. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन या ऑफिसात आले, तेव्हा मला सर्व्हरवरची एक साधी फाइल उघडता आली होती, पण तिच्यातली एक चुकीची ओळ पुसता येत नव्हती. पंधरा मिनिटं मी घाम पुसत बसले होते. चाचा शेजारी येऊन बसले.

"डरू नको पोरी," ते म्हणाले. "दोनदा डी दाब. गेली ना ओळ? आता यू दाब. आली परत. या मशिनीत गेलेलं परत येते, फकत येळेवर मांगा लागते."

आमचं काम असं : जिल्ह्यातल्या लहानमोठ्या दवाखान्यांचे आणि लॅबचे तपासणी रिपोर्ट आम्ही सांभाळतो. ऑफिस बसस्टँडजवळ, खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं आणि मालक. रिपोर्ट ज्या सर्व्हरांवर असतात ते लांब कुठेतरी भाड्याच्या जागेत. त्यांच्यापर्यंत कुणाला थेट जाता येत नाही. आधी एका सर्व्हरमध्ये शिरायचं, तो तुमची ओळख पटवून घेतो आणि मग तिथून पुढे जाऊ देतो. पुस्तकात त्याला बॅस्टियन म्हणतात. आम्ही त्याला वेस म्हणायचो. हे नाव चाचांनीच ठेवलेलं. गावात कुणीही यायचं झालं तरी वेशीतूनच येणार, असं ते समजावून सांगायचे.

वेशीत शिरायला चावी लागते. चावी म्हणजे एक छोटी फाइल. ती आपल्या कॉम्प्युटरवर असते आणि तिची जोडीदार ओळ सर्व्हरवर. दोन्ही जुळल्या की दार उघडतं. आमच्याकडे अशी एकच चावी होती. चाचांच्या सुपारीच्या डब्यात एक पेनड्राइव्ह असायचा, त्यात ती ठेवलेली. ऑफिसात नवीन माणूस आलं की चाचा डबा उघडून त्याला चावीची नक्कल द्यायचे, वर सुपारीचं खांडही. आम्ही पाचही जण एकाच नावाने आत जायचो. ते नाव होतं 'ऑफिस'. सर्व्हरच्या नोंदीत रोज लिहिलेलं असायचं : ऑफिस आले, ऑफिस गेले.

बाहेरच्या माणसाला हा गलथानपणा वाटेल, आणि तो होताच. पण आमच्याकडे ओळखीच्या माणसाला दारात अडवून 'तू कोण' म्हणून विचारणं हा अपमान समजतात. माझी आई शेतात जाताना घराची किल्ली शेजारच्यांच्या खिळ्याला अडकवून जाते. पाहुणा आला तर त्याने ती घ्यावी, दार उघडावं, पाणी प्यावं. पाच माणसांना पाच वेगळ्या चाव्या करा असं त्या काळी कुणी सुचवलं असतं, तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो असतो.

आणि वेशीचा एक उपयोग पुस्तकात कुठेच लिहिलेला नव्हता. आत असलेल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम निरोप पाठवायची एक कमांड असते. सर्व्हर बंद होणार असेल तर इशारा द्यावा म्हणून ती केलेली. चाचा रोज अकरा वाजता, खालून चहावाला जिना चढायला लागला की, ती वापरायचे. तुम्ही कितीही मोठ्या भानगडीत असा, स्क्रीनच्या मधोमध ओळ उमटायची : चहा आला. मग पाचही खुर्च्या एकदम सरकायच्या.

मग एका मंगळवारी एका लॅबचे तीन दिवसांचे रिपोर्ट दिसेनासे झाले. दुपारी ऑपरेशन ठरलेली एक बाई उपाशीपोटी थांबली होती आणि तिचा रिपोर्ट सापडत नव्हता. संध्याकाळी तो सापडला, दुसऱ्याच लॅबच्या फोल्डरमध्ये. कुणीतरी हलवला होता. कुणी, ते पाहायला आम्ही नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं : ऑफिस. बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, ती बरी झाली, पण आमच्या दोन खोल्यांतलं काहीतरी त्या दिवशी नासलं. आठवडाभर प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होता. माझ्या शेजारी बसणारीने घाईघाईत घोळ घातला असणार असं मला वाटलं आणि मी ते तिला तोंडावर बोलून दाखवलं. ती रडली. मी माफी मागितली नाही.

पुढच्या महिन्यात, त्या बाईचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्याने आम्हाला एक फॉर्म पाठवला. त्यात तीन प्रश्न होते. तुमच्या सर्व्हरमध्ये कोण येतं, कधी येतं आणि आल्यावर काय करतं. तिन्हींना आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मालक म्हणाले, हे सगळं नीट लावायचं, कोण करणार? मी हात वर करायच्या आत चाचा बोलले.

"हिले द्या ते काम. ही कोनाची भीडभाड नाही ठेवत. आन माह्यापासून सुरुवात कर पोरी. त्या डब्यातली चावी सगळ्यात पयले बाद कर."

तीन महिने मी त्या कामात बुडाले होते, आणि खरं सांगते, इतकं सुख मला कामात कधीच मिळालं नव्हतं. 'ऑफिस' हे नाव मी पुसून टाकलं. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःची चावी आणि त्या चावीला एक गुप्त वाक्य, ते टाइप केल्याशिवाय चावी चालणार नाही. ज्याचं काम ज्या लॅबशी, त्याला तेवढंच दार उघडं. रिपोर्ट पुसण्याचा अधिकार सगळ्यांकडून काढला. कुणी दहा मिनिटांत पाच वेळा चुकीची चावी लावली, तर तो जिथून आला तो पत्ता दिवसभरासाठी बंद. वेशीतल्या सगळ्या नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या एका यंत्रावर जातील, म्हणजे आत शिरलेल्याला आपल्या पावलांचे ठसे पुसता येऊ नयेत. आणि सर्वांत अभिमानाची गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग. आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत माणूस जे जे टाइप करेल, ते जसंच्या तसं, तितक्याच वेगाने नंतर पाहता येईल. कुणी थबकलं, तर तेही दिसेल.

सगळ्यांना निरोप पाठवायची ती कमांडही मी बंद केली. नको असलेली प्रत्येक गोष्ट बंद करावी असा नियमच आहे. त्या दिवशी अकरा वाजता चाचा खुर्चीतून उठून दारात उभे राहिले आणि तोंडाने म्हणाले, चहा आला. सगळे हसले. मीही हसले.

चाचांना त्यांचं गुप्त वाक्य काही केल्या लक्षात राहीना. पहिल्या आठवड्यात मी ते चार वेळा बदलून दिलं. पाचव्यांदा ते माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा माझ्यापुढे काम पडलं होतं. मी स्क्रीनवरची नजरही न काढता म्हणाले, "चाचा, किती येळा सांगू तुमाले? लहान लेकराच्याही ध्यानात राह्यते आतापर्यंत!"

चाचा हसल्यासारखं करून तिथेच उभे राहिले. मला माझी चूक कळली, पण माफी मागायची सवय नसल्यामुळे मी दुसरंच काहीतरी केलं. माझी खुर्ची बाजूला सरकवून म्हणाले, "बसा इथी. माह्या नावानं जा आत, करून टाका काय ते."

त्यांनी मान हलवली. "नाही बेटा. तुह्या नावानं मी काऊन जाऊ? दुसऱ्याच्या नावानं आत जात नसतात. एवढं सारं तू यासाठीच तं केलं ना?"

शेवटी मी त्यांना त्यांच्या क्लासमधला पहिला धडा गुप्त वाक्य म्हणून घ्यायला लावला, थोडा फिरवून. तो त्यांच्या बोटांना पाठ होता. त्यानंतर ते कधी विचारायला आले नाहीत आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

दर शनिवारी रेकॉर्डिंग पाहायचं काम माझ्याकडे होतं. सगळी पाहणं शक्य नसतं, चाळायची असतात. पहिल्या दोन शनिवारी मी चाचांची उघडलीच नाहीत, त्यांची काय तपासायची म्हणून. तिसऱ्या शनिवारी उघडली ती केवळ कौतुकाने. ते न पाहता किती सुरेख टाइप करतात, ते बघावं म्हणून.

सुरुवातीला तसंच होतं. पहिल्या दोन-तीन कमांड एका झटक्यात, न चुकता. मग त्यांनी एक कमांड दिली. 'मी कुठल्या फोल्डरमध्ये आहे' हे सांगणारी. उत्तर आलं. त्यांनी तीच कमांड पुन्हा दिली. पुन्हा तेच उत्तर आलं. मग पुन्हा. मी मोजलं, अकरा वेळा. मला वाटलं की बटण अडकलं असेल. त्यानंतर काहीच नाही. काळ्या स्क्रीनवर ठिपका लुकलुकत राहिला. रेकॉर्डिंग पुढे सरकवायची सोय असते, पण का कोण जाणे, मी ते सरकवलं नाही. चार मिनिटं तो ठिपका तसाच होता. मग अक्षरं उमटली. रोमन लिपीत, पण आपल्या बोलीतला एक प्रश्न.

मी काऊन आलो.

आणि यंत्राने त्याच्या पद्धतीने उत्तर दिलं, की 'मी' नावाची कमांड सापडली नाही.

मी खुर्चीतून उठले, खाली गेले, बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. समोर जालन्याची बस लागली होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. मला काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला सगळं कळलं होतं. पाच वेळा विसरलेलं वाक्य, मंगळवारचे हरवलेले रिपोर्ट, शेजारी बसणारीला मी दिलेला त्रास. आणि सर्वांत आधी हे कळलं, की 'ऑफिस' या एका नावाखाली या माणसाचं विसरणं कदाचित दोन वर्षं झाकलेलं होतं. पाचांच्या चुकांत त्याच्या चुका मिसळून जात होत्या. मी मोठ्या हौसेने ते पांघरूण ओढून काढलं होतं, आणि तो माणूस स्वतःच म्हणाला होता, माझ्यापासून सुरुवात कर. ते सहज म्हणाले होते की काही ओळखून म्हणाले होते, हे मला आजही माहीत नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. मालक विचारायचे, रेकॉर्डिंग पाहिलीस? मी म्हणायची, पाहिली, ठीक आहे सगळं. ज्या नोंदी खोट्या होऊ नयेत म्हणून मी तीन महिने झिजले, त्यांच्याबद्दल मी सलग तीन आठवडे खोटं बोलले. चौथ्या आठवड्यात चाचांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका लॅबचं वर्षभराचं फोल्डर पुसायची कमांड दिसली. यंत्राने परवानगी नाही म्हणून ती फेटाळली होती. तो अधिकार मी काढला नसता, तर फोल्डर गेलं असतं. आणि कुठल्या तरी गावात कुणीतरी बाई उपाशीपोटी थांबली असती.

दुसऱ्या दिवशी बाकीचे जेवायला गेल्यावर मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. कसं सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटलं. म्हणून मी रेकॉर्डिंगच लावून दिलं. त्यांनी चष्मा चढवला आणि पूर्ण पाहिलं. ती चार मिनिटंही पाहिली. मध्ये एकदा मी ते सरकवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरून बाजूला ठेवला.

"हा मीच हाओ ना?" त्यांनी विचारलं.

"हाव, चाचा."

"मले वाटेच की काहीतरी होऊन राह्यलं. घरी तुह्या चाचीले नाही सांगतलं म्या." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "काढ माही चावी. आत्ताच्या आत्ता. आन तूच काढ, दुसऱ्या कोनाच्या हातानं नको."

चावी काढणं म्हणजे एका फाइलीतली एक ओळ पुसणं. त्या ओळीच्या शेवटी त्यांचं नाव होतं. मी ठिपका त्या ओळीवर नेला आणि माझी बोटं चालेनात. नऊ वर्षांत मी ती कमांड हजारो वेळा दिली असेल.

"दोनदा डी," चाचा हळूच म्हणाले.

मी दाबलं. ओळ गेली. त्यांनी आपला लॅपटॉप पुढे ओढला, वेशीकडे जाणारी कमांड दिली. यंत्राने नाकारलं. त्यांनी उत्तर वाचलं, मान डोलावली. "बराबर झालं. पक्कं काम केलं तू." आपल्या हातच्या विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी तसं ते म्हणाले, आणि मी तिथेच टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. ते पाठीवर थोपटत राहिले. ज्याचं गेलं होतं, तो माझी समजूत काढत होता.

मालकांनी सगळं चांगलं केलं. निरोप दिला, शाल दिली, लॅपटॉप त्यांच्याकडेच राहू दिला. चाचा आणि चाची देऊळगाव राजाला मुलाकडे राहायला गेले. तासाभराची बस. येते भेटायला, असं मी बस हलेपर्यंत म्हणत होते.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, वेशीच्या नोंदीत एक ओळ आली. चाचांचं नाव, त्यांच्या मुलाच्या घरचा पत्ता, पुढे शब्द : नाकारले. मिनिटाभराने पुन्हा. मग पुन्हा. पाचव्यांदा नाकारल्यावर माझ्याच नियमाने तो पत्ता दिवसभरासाठी बंद केला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. चावी काढल्याचं ते विसरले होते. दार वाजवत होते ते बरोबर ऑफिसच्या वेळेला.

गुरुवारी चाचींचा फोन आला. "बेटा, यांचं मशीन काऊन चालून नाही राह्यलं? आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात रोज. म्हणतात, दार नाही उघडून राह्यलं. तुले दुरुस्त करता येईन का?" मी म्हणाले, बघते चाची.

मी काय केलं तर त्यांच्या घरचा पत्ता सवलतीच्या यादीत टाकला. म्हणजे त्यांनी कितीही वेळा दार वाजवलं, तरी पत्ता बंद होणार नाही. दार उघडणार नाही, पण निदान वाजवता येईल. दवाखान्याच्या तपासनिसाने विचारलं, हा रोज नाकारला जाणारा कोण? मी म्हणाले, ओळखीचा आहे, त्याच्यापासून धोका नाही. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

हळूहळू मला त्या नोंदीची सवय लागली. दहा-दहा झाले की मी हातातलं काम सोडून नोंद उघडायची. नाकारले, नाकारले. आले चाचा, असं मनात म्हणायची आणि कामाला लागायची. किती निर्दय सवय होती ती, हे आता कळतं. ते तिथे दाराशी ताटकळत उभे, आणि मी आतून त्यांची हजेरी घेऊन समाधान मानत होते.

उपाय मला पहिल्याच आठवड्यात सुचला होता. एक रिकामं यंत्र उभं करायचं. त्यात कुणाचे रिपोर्ट नाहीत, पुढे कुठे जाणारं दार नाही. चाचांच्या घरून येणारी हाक तेवढी तिकडे वळवायची. त्यांची पुसलेली ओळ मी जपून ठेवली होती, ती तिथे लावायची. चावी लागेल, दार उघडेल, आत ते हवं तेवढं फिरतील. दोन तासांचं काम. या रविवारी करू, असं मी म्हटलं. मग पुढच्या रविवारी. मग घरच्या शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला आलं. मग ऑफिसात एक नवा दवाखाना आला. खरं कारण असं की ते काम करायला बसले असते, तर मला त्यांच्याबद्दल दोन तास विचार करावा लागला असता, आणि ते मी टाळत होते. असे साडेचार महिने गेले.

शेवटी शनिवारला जोडून सुट्टी आलेल्या एका रविवारी मी ते केलंच. मन लावून केलं. जुन्या वेशीसारखंच दिसेल असं केलं. सगळ्यांना निरोप पाठवायची ती कमांड तिथे सुरू ठेवली, आणि आत शिरल्याबरोबर स्क्रीनवर पहिली ओळ दिसेल ती लिहिली : चहा आला. सोमवारी मी साडेनऊलाच ऑफिसात येऊन बसले. दहा-दहा झाले. नोंद कोरी. साडेदहा, अकरा. माझं काही चुकलं असेल म्हणून मी सगळं तीनदा तपासलं. काहीच चुकलेलं नव्हतं. मंगळवारीही नोंद कोरीच राहिली.

बुधवारी मी देऊळगाव राजाची बस धरली.

दार चाचींनी उघडलं. चाचा आत पलंगावर बसले होते, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मला पाहून त्यांनी अदबीने आदाब केला, जसा परक्या बाईला करतात. चाचींनी माझं नाव सांगितलं. ते हसले, या बसा म्हणाले. अहो-जाहो करत होते मला.

"मशीन काऊन बंद केलं चाचांनी?" मी चाचींना विचारलं.

चाचींनी पदराने तोंड पुसलं. "गेल्या शुक्रवारी त्यांनीच पिशवीत भरून अलमारीवर ठेवलं. मी म्हटलं, काऊन हो? तं म्हणे, राहू दे आता. ते लोक मले आत घेत नाहीत. रोज जातो, रोज परत लावतात. किती दिवस जाईन मानूस?"

शुक्रवारी. मी रविवारी केलं, आणि ते शुक्रवारी थकले. दोन दिवस. विसरणारा माणूस हेही विसरेल, असं मी धरून चालले होते. पण रोज सकाळी आपल्याला नको म्हटलं जातंय, तेवढं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

मी अलमारीवरचा लॅपटॉप उतरवला. त्यांच्या पुढ्यात स्टूल ठेवून त्यावर उघडला. "चाचा, आता दुरुस्त झालं. एकदा पाहा ना," मी म्हणाले. वेशीकडे जाणारी कमांड मीच दिली. यंत्राने गुप्त वाक्य विचारलं. चाचा स्क्रीनकडे पाहत राहिले. मी त्यांचे दोन्ही हात उचलून कीबोर्डवर ठेवले, मधल्या ओळीवर, ते क्लासमध्ये पोरांचे ठेवायचे तसे.

बोटं आपोआप चालली. पूर्ण वाक्य, एका झटक्यात, एकही चूक नाही. दार उघडलं.

त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "चहा आला." मग चाचींकडे पाहून म्हणाले, "पाव्हण्यांचा चहा आला म्हणते." त्याखाली, जिथे आत आलेल्याचं नाव दिसतं, तिथे त्यांचं नाव होतं. ते त्यांनी बोट ठेवून वाचलं. सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. एवढं एक नाव त्यांना ओळखू यावं, बाकी मला काही नको होतं.

त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले.

"हे कोनी दुसरे हायेत," ते मला म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात. "बंद करा हे, बाई. दुसऱ्याच्या नावानं आत जात नसतात."

मी बंद केलं. चाचींनी खरोखरच चहा आणला, तो आम्ही तिघांनी प्यायला, आणि साडेचारच्या बसने मी परत आले.

ते रिकामं यंत्र मी अजून काढलेलं नाही. त्याच्या नोंदीत एवढंच आहे : चाचांचं नाव, आत आले, दोन मिनिटांनी बाहेर गेले.